आम्ही म्हणजे किती जण?

कालिंदीचं मराठी तसं नावं ठेवण्यासारखं नव्हतं. तिचे आजोबा कलकत्त्याला आले ते तिथलेच झाले, वडिलांचा जन्म भवानीपूरचा, तिचाही तिथलाच. पण घरात मराठीच बोलायचं असा मेहेंदळ्यांचा दंडक होता आणि तो त्यांनी निष्ठेनं पाळला होता. फक्त एका शब्दापाशी कालिंदीचा पाय हमखास घसरे. 'मी' म्हणायचं तिथे ती 'आम्ही' म्हणे, आणि क्रियापद मात्र आपलं एकवचनीच ठेवी. "आम्ही चहा टाकते." "आम्ही जरा पडते." मुलगी पाहायला पुण्याहून गुरुदत्त पाळंदे आपल्या आत्याबाईंना घेऊन आला, तेव्हा आत्याबाईंनी गाण्याचं विचारलं, तर ही खाली मान घालून म्हणाली, "आम्ही गाणं नाही शिकले." आत्याबाईंच्या भुवया ज्या वर गेल्या त्या परतीच्या प्रवासात नागपूर येईपर्यंत खाली आल्या नाहीत. गुरुदत्तला मात्र ती त्या एका वाक्यानंच आवडून गेली होती.

कारण त्याचं त्यानंच शोधून काढलं. बंगालीत 'आमि' म्हणजे 'मी'. शेजारच्या पोरींबरोबर खेळताना तो 'आमि' हिच्या जिभेवर बसला आणि घरात शिरताना त्यानं मराठी वेष घेतला, एवढंच. गुरुदत्त हवामान खात्यात होता. ढग का आला आणि का गेला याचं कारण सांगण्याचाच त्याला पगार मिळे, त्यामुळे कारण सापडलं की त्याला पोट भरल्यासारखं वाटे. लग्नानंतर पुण्यात, तिनं 'आम्ही' म्हटलं रे म्हटलं की तो डोळे मिचकावून विचारायचा, "आम्ही म्हणजे किती जण?" आधी ती खळखळून हसायची. मग ओशाळून जीभ चावायला लागली. वर्ष सरता सरता ती न अडखळता 'मी' म्हणू लागली, आणि बायकोचं मराठी आपण सुधारलं याचा पुणेरी माणसाला व्हावा तेवढा अभिमान गुरुदत्तला झाला.

त्याच सुमारास तिचं बोलणं कमी झालं. ते एकदम झालं नाही, भांड्याची कल्हई जावी तसं दिसेल न दिसेल असं होत गेलं. ती आजारी नव्हती, रुसलेली नव्हती, स्वयंपाकात मीठ कधी चुकलं नाही. पण पूर्वी ती एकटी खोलीत असली तरी गुणगुणे, स्वतःशीच हसे, ते सगळं थांबलं. मूल होत नाही म्हणून असेल, असं सगळे म्हणाले. गुरुदत्तलाही ते पटलं, कारण दुसरं कारण समोर नव्हतं. माहेर जवळ असलं की कळी खुलेल म्हणून त्यानं साहेबाच्या हातापाया पडून पुण्याहून अलिपूरच्या वेधशाळेत बदली मागून घेतली, बेहालात अंगणाची खालच्या मजल्यावरची जागा पाहिली, आणि कालिंदी आपल्या जन्मगावी येऊनही तशीच शांत राहिली तेव्हा तो मनातून अगदी हिरमुसला. बायको पुन्हा पहिल्यासारखी हसावी, याहून जास्त त्याला आयुष्यात काही नको होतं. हे तो कुणाला सांगत नसे, पण रोज घरी परतताना अंगणाच्या फाटकाशी तो क्षणभर थांबे आणि आतून काही ऐकू येतं का पाही.

अशात ती मोटारसायकल आली. बजबजच्या एका तागाच्या गिरणीतला इंग्रज इंजिनियर गाशा गुंडाळून विलायतेला निघाला होता, त्याच्या शेडमध्ये लढाईच्या आधीपासूनची एक बीएसए ताडपत्रीखाली पडून होती. ओळखीतून ती गुरुदत्तच्या गळ्यात पडली. खटाऱ्यातून ती अंगणात उतरवली तेव्हा घरमालकांचं अख्खं कुटुंब गॅलरीत जमलं आणि गुरुदत्तला वाटलं, हात दाखवून अवलक्षण झालं. टाकीचा रंग उडालेला, खोगिरातून काथ्या बाहेर आलेला, आणि चाकांच्या रिमांवर तर गंजाचे असे पोपडे की मूळ क्रोम कुठे होतं ते शोधावं लागे. पण कालिंदी पदर खोचून पायरीवर येऊन बसली. बराच वेळ पाहत राहिली आणि मग म्हणाली, "चाकं चकचकीत झाली ना, की बाकीचं आपोआप चांगलं दिसेल."

इतकं लांब वाक्य ती कित्येक महिन्यांत बोलली नव्हती. गुरुदत्तनं दुसऱ्याच दिवशी पाने आणले.

दोघांनी मिळून चाकं उतरवली. तो टायर सोडवी, ती आरे ढिले करून एकेक काढी आणि रॉकेलच्या डब्यात बुडवी. रिमा मोकळ्या झाल्या तेव्हा आतल्या बाजूला, जिथे रबरी पट्टी बसते तिथे, दोन्हींवर पोगरानं ठोकलेले तीन बारीक ठिपके एका ओळीत दिसले. कारखान्याची खूण असेल, गुरुदत्त म्हणाला. कालिंदीनं त्या ठिपक्यांवरून अंगठा फिरवला, आणि तिच्या हाताला लागलेलं काळं तेल तिनं पुढे कितीतरी वेळ धुतलं नाही.

बेहालाच्या ट्राम डेपोमागे श्यामसुंदर कर्मकाराची पत्र्याची शेड होती. त्याचा धंदा मुलामा चढवण्याचा; पंखे, नळ, मोटारींचे बंपर, काय वाटेल ते. बोलण्याची त्याला भारी हौस. गुरुदत्तचं बंगाली बेताचं, तरी त्याला सगळं समजावून सांगितल्याशिवाय श्यामसुंदरला चैन पडेना. आधी जुनं क्रोम आम्लात उतरवायचं, मग उघड्या लोखंडाला घासून घासून आरसा करायचा, मग तांबं द्यायचं, कारण गंजानं खाल्लेले खड्डे भरतं ते तांबं. पुन्हा घासायचं, मग निकेल, आणि शेवटी क्रोमच्या टाकीत नुसती एक बुडी. खरी चमक निकेलची, क्रोमचा आपला वरून निळसर पापुद्रा. आणि बाबू, तो म्हणाला, क्रोम कशालाच झाकत नाही हं, खाली जे असेल ते दुप्पट करून दाखवतं. आम्लाचा वास घशात जात होता, म्हणून कालिंदी नाकाला पदर लावून बाहेर रस्त्याकडेला उभी होती. श्यामसुंदरनं किती नग म्हणून विचारलं, गुरुदत्त घाईत मराठीतच म्हणाला, "दोन, दोन," आणि खोकत बाहेर आला.

विश्वकर्मा पूजेला हत्याराला हात लावायचा नाही, म्हणून आदल्या दिवशीच काम संपवून श्यामसुंदरनं निरोप धाडला. आकाशात पोरांचे पतंग एकमेकांना कापत होते. शेडमध्ये मूर्तीसाठी मखर उभं राहत होतं आणि त्याच्या बाजूला जुन्या धोतरात गुंडाळलेल्या रिमा भिंतीशी टेकवलेल्या होत्या. श्यामसुंदरनं धोतर बाजूला केलं. काम असं झालं होतं की गुरुदत्त तिथेच उकिडवा बसला. पाण्यासारखा उजेड त्या लोखंडावरून वाहत होता. मग त्यानं पाहिलं, रिमा तीन होत्या.

तो म्हणाला, माझ्या दोन. श्यामसुंदर म्हणाला, तीन. दोघांनी थोडा वेळ दोन-तीन, दोन-तीन असा खेळ केला, आणि शेवटी श्यामसुंदर हात जोडून म्हणाला की बाबू, दोन आल्या असत्या तर तीन कशा निघतील, माझ्या टाकीला काय पिल्लं होतात? एवढ्यात गुरुदत्तच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला आणि तो मोठ्यानं हसत सुटला. आपण म्हणालो 'दोन'. बंगाल्याच्या कानाला 'दोन' हा आकडाच नाही, त्यानं ऐकलं 'तीन'! मग काम काढायला बसला तर नग दोनच. एक आपल्याच हातून गहाळ झाला असं वाटून बिचाऱ्यानं भंगारातून जोडीची रिम पैदा केली आणि तोंड लपवायला तिलाही मुलामा दिला. आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन. हे सगळं त्यानं रिक्षात कालिंदीला सांगितलं. तीन रिमा मांडीवर आडव्या धरून ती बसली होती, आणि ऐकता ऐकता ती हसली. खळखळून, मान मागे टाकून हसली. सायकलरिक्षावाल्यानंही वळून पाहिलं.

घरी आल्यावर गुरुदत्तनं तिसरी रिम उलटी करून पाहिली. आतल्या बाजूला तांबं नीट पोचत नाही, घासकामही तिथे होत नाही, तिथलं जुनं लोखंड जसंच्या तसं दिसतं. तिथे तीन बारीक ठिपके होते. एका कारखान्याचा माल, सगळ्यांवर खूण असणारच, असं तो स्वतःला म्हणाला, आणि ते बरोबरही होतं.

चाकं आऱ्यांनी पुन्हा विणून, सरळ होऊन गाडीला लागली. खडूचा तुकडा रिमेजवळ धरायचा, चाक फिरवायचं, जिथे खडू उमटेल तिथला आरा सैल करायचा, हे काम कालिंदीच्या हाताला असं बसलं की गुरुदत्त नुसता पाहत राही. तिसरी रिम तिनं उगाच ठेवू दिली नाही. तिलाही आरे हवेत, तिलाही टायर हवा, असा तिनं धोशा लावला. आणि दसऱ्याला गाडीची पूजा झाली तेव्हा तिन्ही चाकांना हळदकुंकू लागलं. कलकत्त्याच्या दमट हवेत क्रोमला जपावं लागतं, म्हणून रोज सकाळी ती तेलाचं फडकं घेऊन बसे. गुरुदत्त एकदा दाढी करता करता खिडकीतून म्हणाला, अगं, मी पुसतो आज. तिनं वर न पाहता उत्तर दिलं, "राहू दे हो. आम्ही पुसते."

वस्तरा त्याच्या हातात थबकला. जुना प्रश्न ओठांवर आला होता, पण त्यानं तो गिळला. आली ना, तर येऊ दे बापडी ती चूक परत, तिच्यामागून बाकीचंही परत येतंय. त्या दिवशी तो कचेरीत शीळ घालत गेला.

'चाक आलंय तर त्याची गाडीही येऊ दे,' हे तिचंच. मल्लिकबाजारात जुन्या मोटारींच्या सुट्या भागांचे ढीग पडलेले असतात, तिथे हिंडून हिंडून त्यांनी एक साइडकार शोधली. होडीच्या आकाराची, आतलं लाकूड शाबूत असलेली. तिसरं चाक तिच्या आसावर बसलं ते हातोडीचा एक ठोका न मारता. हिवाळा सुरू झाला होता. दर रविवारी ते निघू लागले. गुरुदत्त खोगिरावर आणि त्याच्या मागे कालिंदी. साइडकारमध्ये डबा, चटई, संत्र्यांची पिशवी. तू त्यात आरामात बस की, तो म्हणे. ती म्हणे, नको, मला इथूनच बरं दिसतं. बजबजला नदीकाठी बसून ते तागाच्या होड्या पाहत. ती बोलत असे. काय बोलत नसे! लहानपणीचं, शाळेचं, एस्प्लनेडवरच्या चपलांच्या दुकानांचं. संत्रं सोलून एक फोड त्याला द्यायची, एक स्वतःला, आणि एक चटईच्या कडेला ठेवायची. कावळ्याला असेल, असं गुरुदत्तला वाटे, आणि परत निघताना ती फोड तिथे नसे, त्यामुळे त्याचं म्हणणं खरंच असावं. खरं सांगायचं तर ते दिवस त्याच्या आयुष्यातले सर्वांत सुखाचे होते. ते त्याला तेव्हाही कळत होतं.

साइडकार डावीकडे असते आणि ती रिकामी असली की डाव्या वळणाला दगा देते. चाक जमीन सोडतं आणि गाडी हवेत उचलली जाते. पहिल्याच आठवड्यात गुरुदत्त एका दुधवाल्यावर जाता जाता वाचला होता. तेव्हापासून एकटं जायचं झालं की तो साइडकारमध्ये वाळूचं पोतं ठेवी. एके दिवशी कचेरीतून तातडीनं बोलावणं आलं आणि तो पोतं न घेताच निघाला. वाटेत आठवण झाली तेव्हा डावं वळण तोंडावर आलं होतं. त्यानं श्वास रोखला, अंग डावीकडे झोकलं. गाडी शांतपणे वळली. तिसरं चाक रस्त्याला घट्ट चिकटून होतं. येताना तेच वळण उजवं पडलं असतं, म्हणून त्यानं मुद्दाम दुसऱ्या एका डाव्या वळणानं गाडी घेतली, वेगही जरा जास्तच ठेवला. साइडकार जडच राहिली, भरल्या घागरीसारखी. रस्ता आतल्या बाजूला उतरता असेल, त्यानं स्वतःला सांगितलं, आणि हवेत हिवाळ्याचा गारवा असूनही त्याच्या मानेवर घाम होता.

कालिंदी फाटकाशीच उभी होती. चेहरा उतरलेला, पुण्यात असायचा तसा. ती त्याच्याकडे न पाहता साइडकारकडे गेली, तिच्या कडेवर हात ठेवला, आणि मग तिच्या चेहऱ्यावर हळूहळू रंग परत आला.

"सांगून न्यायचं होतंत," ती म्हणाली. "आम्ही दिवसभर एकटीच बसले."

गाडीबद्दल म्हणतेय, असं त्याला वाटलं. तसं वाटणं सोपं होतं.

पुढे एकदा निकेल उडालेली नळाची तोटी घेऊन तो श्यामसुंदरकडे गेला आणि बोलता बोलता, गंमत म्हणून, दोन-तीनची गोष्ट काढली. श्यामसुंदर हसला नाही. म्हणाला, बाबू, तुमचं 'दोन दोन' मला काहीच कळलं नाही, म्हणून मी बाहेर जाऊन बौदींना, म्हणजे वहिनींना, विचारलं. त्यांनी स्वच्छ बंगालीत सांगितलं, तीन. मी आत येऊन मोजल्या, तीनच होत्या. तेव्हाच त्यांच्यात तार ओवली आणि बिल्ला बांधला. भंगारातली रिम घालून गिऱ्हाइकाला फसवायला मी काय चोर आहे? त्याला इतका राग आला होता की तोटीचं काम तो घेईनाच. गुरुदत्तनं कशीबशी त्याची समजूत काढली. घरी येऊन त्यानं कालिंदीला काही विचारलं नाही. ती स्वयंपाकघरात गुणगुणत होती, आणि पोळीचा खमंग वास अंगणापर्यंत आला होता.

संक्रांतीला विनायक जेवायला आला. विनायक कालिंदीचा थोरला भाऊ, भवानीपूरच्या शाळेत शिक्षक, हसरा माणूस. जेवणं झाली, ती तिळगूळ आणायला उठली आणि म्हणाली, "बसा तुम्ही, आम्ही आणते." विनायकच्या हातातली सुपारी तशीच राहिली. ती आत गेल्यावर त्यानं हळूच विचारलं, "हे पुन्हा कधी सुरू झालं?"

गुरुदत्तनं आपलं 'आमि'चं कारण सांगितलं. विनायकनं ते शांतपणे ऐकून घेतलं.

"अहो, मीही इथेच वाढलो," तो म्हणाला. "मी कधी असं बोललो? आमच्या घरात कुणीच बोललं नाही. ही बोलायला लागली तेव्हापासून हिचं 'आम्ही'. आम्हीही तुमच्यासारखंच विचारायचो, किती जण गं? तर ही दोन बोटं दाखवायची."

जुळं होतं का, असं गुरुदत्तनं विचारलं. विनायकनं मान हलवली. हिच्या जन्माच्या वेळी तो चांगला कळता होता. एकच मूल झालं, दुसरं काही नव्हतं. पण ही पाटावर बसताना नेहमी डावीकडे जागा सोडायची. आईनं पुष्कळ उपाय केले, दृष्ट काढली, गंडे बांधले, काही उपयोग झाला नाही. लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी आली आणि 'मी, मी' म्हणून बोलायला लागली, तेव्हा आईनं कालीघाटाला जाऊन ओटी भरली. "जावयांनी थट्टेथट्टेत घालवलं म्हणाली. किती बरं वाटलं होतं तिला!" विनायक एवढं बोलला आणि गप्प झाला, कारण कालिंदी तिळगुळाची वाटी घेऊन आली होती. तिनं भावाला वडी दिली, नवऱ्याला दिली, आणि दोन वड्या घेऊन ती पायरीवर गाडीपाशी जाऊन बसली.

मराठीत एक सोय आहे. ती बंगालीत नाही, हिंदीत नाही, साहेबाच्या भाषेत तर नाहीच. 'आपण' म्हटलं की ऐकणारा त्यात येतो. 'आम्ही' म्हटलं की तो बाहेर राहतो. गुरुदत्तला हे शाळेपासून ठाऊक होतं, त्यात विशेष असं काही नव्हतं. त्या दुपारी मात्र, विनायक गेल्यावर, ते त्याच्या डोक्यातून जाईना. त्यानं पाना घेतला आणि तो अंगणात गेला. साइडकारचं चाक एका नटावर होतं. ते काढायचं, श्यामसुंदरच्या दारात नेऊन टाकायचं, साइडकार मल्लिकबाजारात परत करायची, आणि पुन्हा दोघंच निघायचं. पाना नटाला बसला. क्रोममध्ये अंगण वाकडं होऊन दिसत होतं, आणि त्या क्रोमवर, खालच्या अंगाला, बोटांचे ठसे होते. रोज तिन्ही चाकं लख्ख करणाऱ्या कालिंदीनं तेवढे ठसे पुसले नव्हते. तो ते पाहत असतानाच घरातून तिचं हसणं आलं. ती आत एकटी होती आणि मनापासून हसत होती, कुणीतरी मजेचं बोलल्यासारखी.

हे हसणं ऐकण्यासाठी तो रोज फाटकाशी थांबत आला होता. त्यानं पाना नटावरून काढला, पुसला आणि पेटीत ठेवून दिला.

त्यानंतर सगळं सुरळीत चाललं, आणि सुरळीतपणाचीच माणसाला सवय होते. गाडी चालवायला तिला त्यानंच शिकवलं. साइडकारवाली गाडी पडत नाही, त्यामुळे बाईमाणसानंही भिण्याचं कारण नाही, असं तो घरमालकांच्या बायकोला ऐटीत सांगे. मैदानावर पहाटेच्या वेळी ती गोल गोल फिरे, पदर कमरेला कसलेला, केस सुटलेले, आणि तो गवतात उभा राहून, क्लच सोड, हळू, असं ओरडे. ती गाडी त्याच्यापेक्षा हळुवार वळवी. तिला पाहून त्याचं मन भरून येई. असल्या बायकोच्या बदल्यात चटईवरची संत्र्याची एक फोड म्हणजे काहीच नाही, असं त्याला खरोखर वाटे.

फाल्गुनातल्या एका रविवारी सकाळी तो रात्रपाळी करून आला होता. कालिंदी नवी पट्ट्यापट्ट्यांची डुऱ्याची साडी नेसून तयार होती. विनायकदादाकडे जाऊन येते, जेवण झाकून ठेवलंय, तुम्ही झोपा जरा, असं तिनं सांगितलं. एकटीनं गाडी घेऊन जायची तिची ही पहिलीच वेळ. त्यानं हवा तपासली, पेट्रोल पाहिलं. मग त्याच्या लक्षात आलं की साइडकारमधलं वाळूचं पोतं तिनं काढून पायरीवर ठेवलंय.

"अगं, पोतं असू दे," तो म्हणाला. "कोपऱ्यावर डावीकडे वळायचंय. उचलेल."

"नको," ती म्हणाली. "दाटी होते."

तिनं हे इतकं सहज म्हटलं की त्यानं उचललेलं पोतं तसंच हातात राहिलं. इंजिन सुरू झालं. तिन्ही चाकांवर सकाळ झगमगत होती. तिनं त्याच्याकडे पाहून हात हलवला, आणि तिच्या तोंडावर असं काही सुख होतं की त्याला हसावंच लागलं.

"काळजी करू नका," ती म्हणाली. "आम्ही येतो."

गाडी गल्लीच्या तोंडाशी पोचली, वेग न मोडता डावीकडे वळली, आणि तिसरं चाक रस्त्याला घट्ट धरून तिच्याबरोबर वळणाआड गेलं. गुरुदत्त पोतं पोटाशी धरून पायरीवर उभा राहिला. इतक्या वर्षांच्या सवयीनं त्याचं मन ते वाक्य तपासत होतं. येते नव्हे, येतो. कर्ता अनेकवचनी, क्रियापदही अनेकवचनी. या खेपेला तिची काहीच चूक नव्हती.